कशाबद्दल, हे न विचारता

देम्यानने टोपी काढली, दारातून आत येताच कमरेत वाकला आणि उजव्या हाताची बोटं फरशीला टेकवली. अंगाने भरलेला माणूस. पुन्हा सरळ होताना त्याला धाप लागली.

"माफ कर, कूम," तो म्हणाला.

ईस्टरआधीच्या सात आठवड्यांच्या मोठ्या उपासाच्या आदल्या रविवारी सगळेच एकमेकांची माफी मागतात. सून सासूची, शेजारी शेजाऱ्याची, आणि वर्षभर एकमेकांचं तोंड न पाहणारेसुद्धा. समोरच्याने एवढंच म्हणायचं, ‘देव माफ करतो, मीही करतो.’ कशाबद्दल, हे कुणी विचारत नाही. विचारायला लागलं तर उपास बाजूला राहील आणि भांडणं सुरू होतील. देम्यान एरवी हे काम फोनवर उरकायचा आणि वर एखादा चावट किस्सा ऐकवायचा. या वर्षी मात्र तो वेर्बोव्हेहून पार कीवपर्यंत बर्फातून गाडी हाकत आला होता. मकार पिलिपोविचला त्याचं फार बरं वाटलं.

"देव माफ करतो. चल आत, वारेनिकी निवतायत."

"नीट म्हण."

"काय नीट? पाद्री झालास की काय?"

"म्हण ना, मकार. सगळं म्हण."

मकारने हसत हात छातीवर ठेवला. "देव माफ करतो, मीही करतो. झालं? आता कोट काढ."

मकारची बायको तमिला स्वयंपाकघरातून वारेनिकींची परात घेऊन आली. देम्यान तिच्याकडे वळला. "कुमा, तुम्हीही..."

"आधी जेवा. उपाशी माणसाला मी माफ करत नाही," ती म्हणाली. "आणि एवढं वाकू नका. कंबर धरली तर तुम्हाला उचलायला क्रेन मागवावी लागेल."

देम्यान जेवला. उकडलेल्या करंज्यांसारखे, आंबट साय घातलेले चीजचे वारेनिकी त्याच्या फार आवडीचे. पण त्या दिवशी दोनदाच वाढून घेतले. त्याच देम्यानने यारिनाला, मकारच्या मुलीला, तान्ही असताना चर्चमध्ये हातांवर घेतलं होतं. तो तिचा धर्मपिता. तेव्हापासून हे दोघं एकमेकांचे कूम, आणि तमिला देम्यानची कुमा. सख्ख्या भावाशी माणूस कोर्टात भांडतो, कूमशी भांडत नाही. देशात निम्मी कामं याच नात्याने होतात आणि निम्मी याच नात्यापायी बिघडतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तरी कुणी सुधारत नाही.

मकारने वेर्बोव्हेच्या वीज केंद्रात बॉयलरवर पाळी करण्यापासून सुरुवात केली होती. विभागप्रमुख, मुख्य अभियंता, मग संचालक. जुना सोव्हिएत देश मोडला आणि पगाराला छदामही उरला नाही, तेव्हा त्याने साखर कारखान्याला वीज देऊन साखर घेतली, बुटांच्या कारखान्याकडून बूट घेतले आणि तेच कामगारांना वाटले. एका हिवाळ्यात अख्खं वेर्बोव्हे तपकिरी बुटांत फिरत होतं, लग्नातला नवरदेवसुद्धा. पण एकही घर थंड पडलं नाही. गावातल्या प्रत्येक खोलीतली ऊब केंद्रातून निघणाऱ्या गरम पाण्याच्या नळांतून येते; केंद्र थांबलं की गाव गोठलं. मकारने ते थांबू दिलं नाही, म्हणून लोक त्याला मानत. राजधानीने हेच पाहून त्याला बोलावलं आणि ऊर्जा खात्याचा उपमंत्री केलं. जाताना आपली खुर्ची त्याने देम्यानला दिली. दुसऱ्या कुणाचं नाव त्याच्या मनात आलंही नाही.

आणि याच जानेवारीत वेर्बोव्हे गोठलं. केंद्राच्या आवारात कोळशाचा डोंगर असायचा, तो थंडी पडायच्या आधीच मंत्र्यांच्या मर्जीतल्या दुसऱ्या केंद्राकडे रवाना झाला होता. कडाका वाढला, भट्ट्या विझल्या, नळ घरोघर फुटले. लोक कोट घालून झोपले. दोन म्हातारी माणसं सकाळी उठलीच नाहीत. कोळसा कुणाच्या हुकमाने गेला, हे ठरवायला समिती नेमली होती आणि तिची बैठक दुसऱ्याच दिवशी, सोमवारी होती.

मकारला तिची धास्ती नव्हती. शरद ऋतूत देम्यानचा फोन आला होता, मंत्री कोळसा मागतायत म्हणून, आणि मकारने त्याला स्वच्छ सांगितलं होतं, "डोंगराला हात लावू नकोस. मंत्र्यांना माझं नाव सांग." देम्यान म्हणाला होता, "बरं, कूम." पुढे मंत्र्यांनी देम्यानला परस्पर गाठलं आणि देम्यान वाकला, हे उघड होतं. मकार त्याच्यावर चिडला होता, ओरडलाही होता. पण उद्या देम्यान खरं सांगेल आणि आपण दोघं मिळून निस्तरू, असं तो धरून चालला होता. म्हणून जेवताना त्याने तो विषयच काढला नाही. आलेल्या पाहुण्याला घास गिळू द्यावा.

सोमवारी समितीसमोर देम्यान उभा राहिला. समोरच्या पाण्याच्या सुरईकडे बघत त्याने सांगितलं, "उपमंत्र्यांनी फोन केला होता. कोळसा सोड म्हणाले."

मकारला आधी वाटलं, घाबरून याची जीभ घसरली.

"लेखी काही आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

"आमच्यात लेखी कसं असणार?" देम्यान म्हणाला. "आम्ही कूम आहोत."

टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. प्रत्येकाचा कुठेतरी एक कूम होता आणि कुणीच कधी त्याच्याकडून कागद घेतला नव्हता. ते वाक्य शंभर टक्के खरं होतं, आणि त्या खऱ्याच्या पोटात ते खोटं असं बेमालूम बसलं की मकारचं "मी नाही म्हणालो होतो" खोलीत नुसतं लोंबकळत राहिलं. मंत्री खिडकीतून बाहेर पाहत होते.

जिन्याच्या वळणावर मकारने देम्यानला गाठलं. देम्यानने पळायचा प्रयत्न केला नाही.

"काल," मकार म्हणाला. देम्यानने त्याला पुढे बोलू दिलं नाही.

"काल तू माफ केलंस."

"कशाबद्दल ते तू सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर केलं असतंस?" देम्यानचे डोळे लाल झाले होते. "मकार, मला आत टाकतील. माझी दोन पोरं अजून शिकतायत. तुला काय, घरी पाठवतील. तू पेन्शनीत जाशील, मासे पकडशील. मी सगळ्या बाजूंनी विचार केला."

"सगळ्या बाजूंनी?"

"म्हणून तर आलो ना एवढ्या लांब. नुसतं केलं असतं तर पाप होतं."

मकारने जिन्याचा कठडा धरला. पस्तीस वर्षं या माणसाबरोबर त्याने एका डब्यातलं खाल्लं होतं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, हे त्याला कळत होतं. पण आपण होऊन मान पुढे केली, छातीवर हात ठेवून, हसत, याची लाज त्या दग्याहून जास्त जाळत होती. त्याने हात उगारलासुद्धा नाही. देम्यान टोपी घालून खाली गेला.

घरी तमिलाने सगळं ऐकून घेतलं आणि टेबलावरचे कोरड्या पावाचे तुकडे तळहाताने एका जागी गोळा करत बसली.

"मी नव्हतं केलं हं माफ," ती म्हणाली. "मी फक्त जेवायला वाढलं होतं."

"तमिला..."

"खाऊनही कमीच गेला मेला. तेव्हाच ओळखायला हवं होतं."

आठवड्याभरात मकारची खुर्ची गेली, गाडी गेली, आणि दिवसभर खणखणणारा फोन असा गप्प झाला की तमिलाने दोनदा तार निघालीय का ते बघितलं. खुर्चीचं त्याला खरंच फारसं वाटलं नाही. वेर्बोव्हेच्या केंद्राबाहेरच्या मानाच्या फलकावरून त्याचा फोटो काढला, हे कळलं तेव्हा मात्र तो रात्री जेवला नाही. राजधानीत त्याला कुणी चोर म्हणो नाहीतर मूर्ख म्हणो, ते लोक कालचे. पण ज्या गावाला त्याने बूट घातले, ऊब दिली, त्या गावाने ‘मकारने आम्हाला गोठवलं’ म्हणावं? हे त्याला सोसवेना.

तरी तो थांबला. त्याला वाटत होतं, कुणीतरी विचारेल. तिथला एखादा जुना फोरमन फोन करेल, म्हणेल, पिलिपोविच, हे खरं आहे का? आईला तो दर रविवारी फोन करत होता. ती तब्येतीचं, मांजराचं, नळ दुरुस्त झाल्याचं बोलायची. त्यानेही विषय काढला नाही. हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, आणि आईला काय सांगायचं? ती त्याला ओळखत होती.

उपासाचे दिवस निम्म्याहून अधिक सरले आणि समितीचा अहवाल आला. खापर मकारच्या डोक्यावर फुटलं होतं. खटला भरण्याइतका पुरावा नाही, असंही लिहिलं होतं.

"सुटलास," तमिला म्हणाली. मग त्याचा चेहरा बघून म्हणाली, "जा. तिथे जा, पाळी सुटताना गेटवर उभा राहा आणि ओरडून सांग. इथे भिंतींना सांगून काय होणार? मी रोज ऐकतेय, माझा विश्वास आहे, पण माझ्या विश्वासावर तुझं भागत नाहीये."

तो बसने निघाला. वाटेत वितळत्या बर्फाची शेतं होती, काळी-पांढरी. गेटवर काय बोलायचं ते त्याने मनात घोळवलं आणि एकेक शब्द गाळत गेला. शेवटी एवढंच उरलं: मी नको म्हणालो होतो. हे आधी आईला सांगायचं, मग गेटवर जायचं.

त्याची आई पारास्का चार जिन्यांच्या, पाच मजली जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायची. अंगणातल्या बाकावर दोन निवृत्त कामगार बसले होते. मकारने खांदे ताठ केले. शिव्या येतील, पाठ फिरवतील, कदाचित थुंकतीलही, अशी तयारी करून तो आला होता.

"आलात, पिलिपोविच?" त्यातला एक उठून म्हणाला. "बरं केलंत." आणि त्याने हात पुढे केला. दुसऱ्यानेही केला. मकारने दोन्ही हात हातांत घेतले. म्हणजे यांना कळलं होतं. न सांगता कळलं होतं. आपण उगाच महिनाभर कुढलो, असं मनात म्हणत तो दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला.

आईने दार उघडलं, त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि लंगडत स्टोव्हकडे गेली. तिच्या दोन्ही गुडघ्यांवर फडकी बांधली होती आणि फडक्यांखालून कोबीची पानं बाहेर आली होती. सूज उतरायला गावात हेच बांधतात.

"गुडघ्यांना काय झालं?"

"काही नाही. जिने."

"जिने रोजचेच आहेत, आई."

"रोज एक असतो. मी चारही चढले. एकूण एक दार केलं." ती बकव्हीटच्या दाण्यांची पेज ढवळत होती, तेलाशिवाय, उपासाची. "आणि प्रत्येक दारात वाकायचं. या वयात वाकलं की उठायला भिंत शोधावी लागते."

"कशाला?"

"तुझ्यासाठी. दुसरं कोण आहे मला?"

मकार स्टुलावर बसला. त्याला अजून समजलं नव्हतं, किंवा समजून घ्यायचं नव्हतं.

"देम्यान आला होता," आई सांगत होती. "उपासाच्या पहिल्याच आठवड्यात. बटाट्याचं पोतं घेऊन. एवढा मोठा माणूस, इथे बसून ढसाढसा रडला. म्हणाला, पारास्कामावशी, मकारवर रागावू नका. राजधानीत बसलं की माणसाला इथली थंडी कळत नाही. वरून दाब असतो, हो म्हणावं लागतं. तुझ्याविरुद्ध एक वाकडा शब्द काढला नाही बघ त्याने. असा कूम मिळायला नशीब लागतं."

"आणि तू ते मानलंस."

"न मानायला काय झालं? तो इथे होता. थंडीत मला त्याच्याच घरी, लाकडाच्या शेगडीजवळ नेऊन ठेवलं त्याने."

"तू मला का नाही विचारलंस?" त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला. "दर रविवारी फोन करत होतो मी. एकदा तरी विचारायचंस."

आईने चमचा ठेवला आणि त्याच्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता. असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"काय विचारायचं? केलंस का म्हणून? केलंस तरी माझा, नाही केलंस तरी माझा. फोनवर तुला आणखी कशाला शरमिंदं करायचं? मी माझ्या परीने निस्तरलं. कुणी दार आपटलं, कुणी बोललं. पण माफ केलं सगळ्यांनी. खालच्या मोत्रियाने तेवढं दार उघडलं नाही. तिचा नवरा ओनिसिम गेला ना त्या थंडीत. मी तिच्या उंबऱ्याशीच बसून राहिले. अंधार पडला तेव्हा उघडलं. तिने माफ केलं म्हटल्यावर मग इतरांनीही केलं."

 अंगणात हात पुढे करणारी ती दोन माणसं त्याच्या डोळ्यांपुढे आली. त्या हातांचा अर्थ आता त्याला लागला. देम्यानने दगा दिला त्यात निदान देम्यानची भीती तरी होती. इथे कसली भीती नव्हती, लोभ नव्हता. त्याच्या आईनेच, ज्या एका माणसाला काही सांगावं लागणार नाही अशी त्याची खात्री होती तिनेच, अख्ख्या इमारतीत दारोदार जाऊन, जमिनीला हात लावून, त्याच्या नावावर तो गुन्हा पक्का केला होता.

"आई, ऐक," तो म्हणाला.

"आधी खाऊन घे. मग खाली जायचंय आपल्याला. मोत्रिया म्हणाली, आजी, तुम्हाला मी माफ केलं, पण त्याने स्वतः यायला हवं. मी तिला म्हटलं, येईल. माझा मुलगा आहे, तो येणार." ती हसली. "बघ, आलास. त्या दिवसापासून मला जरा झोप लागायला लागलीय."

पेज निवत गेली. चार शब्द बोलायचे होते, ते त्याच्या जिभेवर तयार होते, आणि ते खरे होते. पण ते बोलल्यावर या बाईला पुन्हा चारही जिने चढावे लागले असते. प्रत्येक दारात जाऊन सांगावं लागलं असतं की मी खोटं वाकले, माझ्या मुलाने काही केलं नव्हतं. आणि लोकांनी म्हटलं असतं, आईला पुढे करून माफी घेतली, आता म्हणतो गुन्हाच नव्हता. तिच्यावरही कुणी विश्वास ठेवला नसता. त्याच्यावर तर नाहीच.

ते खाली गेले. आई कठडा धरून एकेक पायरी उतरत होती. त्याने तिला धरायला हात दिला, तर तिने तो बाजूला केला आणि त्याला पुढे जायची खूण केली.

मोत्रियाने लगेच दार उघडलं. काळा रुमाल बांधलेली, हाडकुळी बाई. तिने मकारला आत बोलावलं नाही.

"शेवटी त्यांनी चहा मागितला होता," ती म्हणाली. "वीजही गेली होती. गरम करायला काही नव्हतं. मी कप काखेत धरून बसले, जरा तरी कोमट होईल म्हणून."

 मागे पायरीवर आईचा श्वास ऐकू येत होता. त्याने टोपी काढली, वाकला आणि बोटं फरशीला टेकवली.

"माफ करा," तो म्हणाला.

मोत्रियाने त्याच्या वाकलेल्या डोक्याकडे पाहिलं.

"देव करेल," ती म्हणाली. "मी प्रयत्न करतेय." मग त्याच्या खांद्यावरून मागे पाहत म्हणाली, "आजी, तुम्ही कशाला उतरलात या गुडघ्यांनी?"

वर आल्यावर आई खाटेवर टेकली आणि तिने पाय पसरले. तिचा चेहरा मोकळा झाला होता. बऱ्याच दिवसांनी घरचं एखादं काम हातावेगळं झाल्यासारखी ती दिसत होती.

"मघाशी तू काहीतरी सांगत होतास," ती म्हणाली.

"नाही."

"‘ऐक’ म्हणालास."

"कोबी कुठे ठेवलाय, ते विचारत होतो. पानं वाळलीत तुझी."

त्याने ओट्याखालून कोबी काढला, दोन मोठी पानं सोडवली आणि त्यांच्या शिरा लाटण्याने चेचल्या. तो पानं बांधत असतानाच केंद्राचा भोंगा झाला. पाळी सुटली होती. थोड्या वेळाने खालच्या रस्त्यावरून माणसं घराकडे निघाली. मकार उठून खिडकीशी गेला. दोघातिघांनी वर पाहून त्याला ओळखलं आणि हात केला. मकारनेही हात केला.